इसार राहू द्या, तारीख तेवढी सोडा

मुलगी ठरायच्या आधी कार्यालय धरणारी माणसं मी पाहिली आहेत. एका गृहस्थांनी वैशाखातली तारीख धरली, इसाराचं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि फॉर्ममध्ये लिहायला मी वधूचं नाव विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "ती बघायची हाय अजून. तुम्ही जागा सोडा तेवढी, मागनं भरू." मी जागा सोडली. दोन महिन्यांनी ते येऊन नाव सांगून गेले आणि लग्न ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेला झालं. आमच्याकडं तारीख मिळणं अवघड, मुलगी मिळणं त्या मानानं सोपं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं बसले. नव्वद सालानंतर लवकरच लागले आणि गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर सोडलं. मालक आप्पा गुळाचे व्यापारी. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि सौद्यात दोन्ही सोडून नुसत्या बोटांच्या खुणा. कार्यालय त्यांनी हौसेनं बांधलं, पण लग्नघरच्या माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. "गुळाच्या ढेपेला रुसवा नसतो, शालनताई," असं म्हणून त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं.

बाहेरच्यांना वाटतं, कार्यालय म्हणजे हॉल झाडून द्यायचा आणि पैसे घ्यायचे. खरं काम सगळं त्या दोन पानी करारपत्रात असे. इसार म्हणजे तारीख धरण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम. ती भाड्यात वळती व्हायची, पण लग्न रद्द झालं तर परत मिळायची नाही. अनामत वेगळी. ती भांडी मोजून झाली, की परत. हा फरक मी एकोणीस वर्षं रोज समजावून सांगितला आणि रोज कुणीतरी भांडी परत करून इसार मागितला. सही करायची म्हटलं, की लोकांना अपमान वाटायचा. "सही कशाला? आमचा शब्द हाय की." मग मी म्हणायची, शब्द माझ्या लक्षात राहत नाही हो, कागद राहतो. तेव्हा कुठं सही व्हायची, तीही न वाचता.

त्या फॉर्मनं मला एका बाबतीत कायम गोंधळात टाकलं. सही वडिलांची. पैसे मामाचे. जेवणार सगळा गाव. आणि ज्या दोघांचं लग्न, त्यांची सही त्या दोन पानांत कुठंच नाही. मग आपला करार नेमका कुणाशी झाला? नवी होते तेव्हा मी हे आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ज्याची सही त्याच्याशी. पुढचा इचार करू नका, डोकं दुखतंय." मीही केला नाही. पण एकदा करावा लागला, तो प्रसंग सांगते.

मुरगूडचे गणपतराव म्हणून एक गृहस्थ होते. थोडी शेती, चार म्हशी, गावच्या दूध संस्थेत मान. थोरल्या मुलीचं, सुरेखाचं, लग्न पेठ वडगावच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाचे चुलते बरोबर आले होते. गणपतरावांनी वैशाखातली तारीख धरली, इसार दिला आणि सही केली. सही अशी की एकेक अक्षर पेरल्यासारखं. त्यांनी करार न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

महिनाभरानं एक मुलगी ऑफिसात आली. वीस-बावीसची, सडपातळ, घाईत असल्यासारखी. तिनं पर्समधून आमची पावती काढली आणि बरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, की मी आजारी असल्यामुळे येऊ शकत नाही, सबब मुलीला पाठवत आहे, लग्न रद्द झाले आहे, तारीख सोडावी. खाली गणपतरावांची सही.

"तू कोण?" मी विचारलं.

"मीच सुरेखा."

"लग्न मोडलं?"

"व्हय."

मी नियम सांगितला, की इसार परत मिळणार नाही. हे ऐकल्यावर माणसं भांडायला उठतात. ही उलट म्हणाली, "इसार राहू द्या तुमच्याकडंच. तारीख तेवढी सोडा. आज सोडता काय?"

इतक्या वर्षांत इसार सोडायला तयार झालेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघत होते. सही मी फॉर्मशी ताडून पाहिली. होती सारखी, आणि नव्हतीही. अक्षरं तीच, पण पेरलेली वाटत नव्हती, पळत सुटल्यासारखी दिसत होती. आजारी माणसाचा हात थरथरतो, हेही खरं. मी म्हटलं, "मालकांना विचारून सांगते. चिठ्ठी राहू दे. चार दिवसांनी ये."

"घरी फोन करू नका," ती उठताना म्हणाली. "वडिलांना तरास हुईल."

आता यात आणखी एक गाठ होती. त्याच तारखेसाठी कबनूरच्या शकुंतलाबाई माझ्या मागं लागल्या होत्या. नवरा वारलेला, स्वतः यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम करायच्या. मुलीचं लग्न कोल्हापुरातल्या मुलाशी ठरलेलं. मुलगा सैन्यात, सुट्टी मोजकी, आणि त्या सुट्टीत मुहूर्त बसत होता तो तेवढाच. शहरातलं दुसरं कुठलं कार्यालय मोकळं नव्हतं. बाई आठवड्यातून दोनदा एसटीनं यायच्या आणि पायरीवर बसायच्या. "कुणी सोडली तर बघा ताई," एवढंच म्हणायच्या. त्या दिवशीही त्या आल्या आणि मी म्हणून गेले, "बघू."

हे "बघू" मला पुढं महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी मी मुरगूडला फोन लावला. फॉर्मवर जो नंबर होता तो एका किराणा दुकानाचा. त्यांनी गणपतरावांना बोलावून आणेपर्यंत मी काय विचारायचं ते ठरवत होते आणि काही ठरत नव्हतं. ते आले, आवाज खणखणीत. आजारी माणसाचा नव्हता.

"तुमची तारीख पक्की आहे ना?" मी विचारलं.

"व्हय की. का वो?"

मी काय सांगायला पाहिजे होतं ते मला आजही सांगता येतं. तुमच्या मुलीनं तुमच्या नावची खोटी चिठ्ठी आणली होती, या आणि काय ते बघा. माझं काम तेवढंच होतं. पण तोंडातून निघालं, "जेवणाला माणसं किती, ते विचारायचं होतं." ते म्हणाले, "येतो की रविवारी, घरच्यास्नी हॉल पण दावायचा हाय." मी फोन ठेवला आणि ती चिठ्ठी पुन्हा काढून वाचली. मुलगी कुणाच्या प्रेमात असेल. मुलगा वाईट असेल. काहीतरी त्याहून वेगळं असेल. मी सगळे अंदाज करून पाहिले, त्यातला एकही मला पटेना.

रविवारी गणपतराव आले. बरोबर बायको आणि दोन मुली. चिठ्ठी घेऊन आलेली ती मुलगी मागं उभी होती, खांबाच्या आड. आणि गणपतरावांनी पुढं केली ती दुसरीच. उंच, सावळी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली.

"ही सुरेखा," ते म्हणाले. "आणि ही धाकटी, लता."

माझी मती गुंग झाली. म्हणजे चिठ्ठी घेऊन आली होती ती नवरी नव्हतीच. लता माझ्याकडं बघत होती. ते बघणं विनवणीचं होतं की दमदाटीचं, सांगता येत नाही. सुरेखा मात्र छताचे पंखे मोजत असल्यासारखी वर बघत उभी. गणपतराव बायकोला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेले, लताला त्यांनी हाक मारली म्हणून तीही गेली. मी सुरेखाला म्हटलं, "चल, तुला नवरीची खोली दाखवते."

त्या खोलीत एक आरसा, दोन खुर्च्या आणि एक दिवाण होता. मी दार लोटलं आणि कसलीच प्रस्तावना न करता विचारलं, "हे लग्न तुला करायचंय का?"

ती दचकली नाही. जणू कुणीतरी विचारेल म्हणून ती वाटच बघत होती.

"मला कळंना झालंय," ती म्हणाली.

"मुलगा वाईट आहे?"

"न्हाय. एकदाच भेटलोय. त्यांनी इचारलं, पवायला येतंय काय. मी म्हटलं, व्हय, नदीवर शिकलोय." आमच्या भागात मुली स्वतःबद्दल मुलांसारखंच बोलतात, शिकलोय, जातोय. "तर ते म्हणाले, मला न्हाय येत. आणि हसले. एवढंच झालं. त्यात वाईट काय, मला सांगता ईना. चांगलं काय, ते पण सांगता ईना."

"मग लता?"

आता ती दचकली. मी चिठ्ठीचं सांगितलं. ती दिवाणावर बसली.

"मी रडतोय खरं," ती म्हणाली. "तिला वाटतंय, मला नको हाय. बाबांना वाटतंय, सगळ्याच पोरी रडत्यात. मला इचारशीला तर का रडतोय त्येच कळत न्हाय. न्हाय म्हणावं तर कारण न्हाय. हो म्हणावं तर तोंड उचलत न्हाय."

मी आयुष्यात शेकडो लग्नं जवळून बघितली, पण या मुलीला द्यायला माझ्याकडं शहाणपणाचा एक शब्द नव्हता. माझं स्वतःचं लग्न मला कुणी न विचारता झालं आणि बरं चाललं. म्हणून ते बरोबर झालं का, हेही मला माहीत नव्हतं. माझ्याकडं होता तो फक्त करार. त्यातलं सातवं कलम मी तिला सांगितलं. लग्नाच्या दोन महिने आधी लेखी दिलं, तर तारीख एकदा बदलून मिळते, आणि इसार नव्या तारखेला धरला जातो. आप्पांच्या ओळखीच्या वकिलानं ते कुठूनसं उतरवून घातलं होतं. आजवर एकानंही ते वापरलं नव्हतं, कारण वाचलंच नव्हतं.

"म्हणजे न्हाय पण म्हणायचं न्हाय, आणि हो पण म्हणायचं न्हाय?" तिनं विचारलं.

"सध्या तरी."

ती पहिल्यांदा हसली. मग उठली, पदर नीट केला आणि माझ्या आधी खोलीबाहेर पडली. गणपतराव हॉलच्या मधोमध उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "बाबा, तारीख पुढं घेऊया."

"का?"

"मला अजून कळंना झालंय."

"काय कळंना झालंय?"

"त्येच."

गणपतराव एका खुर्चीवर बसले. हॉलमध्ये चारशे खुर्च्या रिकाम्या आणि त्यातल्या एकीवर ते. बायकोकडं बघितलं, तिनं मान खाली घातली. मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही कार्यालय चालवताय का पंचायत?"

मी काही बोलायच्या आत लता पुढं आली. "त्यांचं काय न्हाय. मी आलतो इथं. तुमच्या नावची चिठ्ठी घेऊन. हॉल गेला की लग्न आपोआप लांबंल, असं वाटलं."

मी ऑफिसातून चिठ्ठी आणून त्यांच्या हातात दिली. द्यायला नको होती की आधीच द्यायला पाहिजे होती, कोण जाणे. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. आता हे लताच्या कानफटात मारणार, असं मला वाटलं.

"माझी सही अशी न्हाय," ते म्हणाले. मग, "ह्यात लिवलंय, मी आजारी हाय."

लता रडायला लागली. सुरेखा रडली नाही. गणपतरावांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "आणा तुमचा कागद." तुळशीच्या लग्नानंतरची तारीख मी दिली. या वेळी मात्र त्यांनी करार वाचला. सातवं कलम दोनदा वाचलं. मग सही केली, तीच पेरलेली.

दुसऱ्या दिवशी मी शकुंतलाबाईंना निरोप पाठवला. त्यांनी वैशाखातली ती तारीख धरली आणि जाताना पॉपलिनचं थोडं कापड माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, मी फार ताणलं नाही.

आठवड्यानं पेठ वडगावचे चुलते आले. बसले नाहीत. आप्पा नेमके त्या दिवशी ऑफिसात होते.

"कबनूरच्या पार्टीनं किती दिलं तुमच्या बाईला?" त्यांनी आप्पांना विचारलं. "आमची तारीख काढून त्यांना दिली. पोरीच्या डोक्यात भरवलं. चार गावांत आमचं हसं झालं."

आप्पांनी त्यांना चहा पाजला, समजूत घातली, घालवलं. मग दार लावून माझ्यासमोर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शालनताई, तुम्ही कबनूरवाल्यांना शब्द दिलता?"

"नाही. बघू म्हणाले होते."

"आपल्या धंद्यात बघू म्हणजे काय असतंय?"

कापडाचं मी स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, कापडाचं मला काही नाही, ते शिवून घाला. "पण एक सांगा. ती बाई पायरीवर बसत नसती, तर तुम्ही त्या पोरीला सातवं कलम सांगितलं असतं?"

मी म्हणाले, "सांगितलं असतं." पण ते लगेच म्हणाले नाही. मधे एक क्षण गेला, आणि तो क्षण आप्पांनीही बघितला, मीही. अजून मला तो प्रश्न पडतो. त्या खोलीत दार लोटून घेताना माझ्या डोळ्यांसमोर सुरेखाच होती, हे मी शपथेवर सांगीन. पण कलम आठवलं कसं? एरवी ते कधी आठवलं नव्हतं. पायरीवरच्या त्या बाईनं ते आठवायला लावलं असेल का? माणूस चांगलं करतो तेव्हा कुणासाठी करतो हे त्याचं त्याला कळतं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. ते कापड मी शिवलं नाही, कुणाला दिलंही नाही.

उठताना आप्पा एवढंच म्हणाले, "ते सातवं कलम मलाबी ठावं नव्हतं. ऱ्हाऊ द्या ते करारात." त्यांनी मला काढलं नाही. पण त्यानंतर वर्षभर प्रत्येक बदललेल्या तारखेचा कागद ते स्वतः बघायचे.

शकुंतलाबाईंच्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. जावई तिसऱ्या दिवशी पलटणीत परत गेला. बाई नंतर कधी पायरीवर दिसल्या नाहीत, दिसण्याचं कारणही नव्हतं.

सुरेखाचं लग्न आता मोडणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही. पावसाळ्यात एक दिवस एक तरुण ऑफिसात आला, हातात हेल्मेट, कपाळावर घाम. म्हणाला, "मी पेठ वडगावचा. सुरेखाशी माझं ठरलंय." मला वाटलं, आला भांडायला. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि विचारलं, "तारीख का बदलली, तुम्हाला माहीत हाय काय?"

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

"इचारलं. पत्र टाकलं. ती म्हणती, मला अजून कळंना झालंय." तो हेल्मेट मांडीवर फिरवत राहिला. "खरं सांगू काय? मला पण कळंना झालतं. पर आमच्या घरात तसं म्हणायची पद्धत न्हाय. तारीख बदलली म्हणून चुलते चिडले, मी न्हाय चिडलो. मला बरं वाटलं. हे वाईट हाय काय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं. तो उठला, नमस्कार केला आणि गेला. पुढं त्यांच्यात किती पत्रं गेली-आली, कुठं भेटी झाल्या, मी विचारलं नाही. चुलते मात्र शेवटपर्यंत रुसलेलेच राहिले. लग्नाला आले, पण जेवले नाहीत, आणि माझ्याशी बोलले नाहीत.

कारण लग्न झालं. तुळशीच्या लग्नानंतर, ठरलेल्या नव्या तारखेला. गणपतराव सकाळपासून फेटा बांधून दारात उभे, येणाऱ्या प्रत्येकाला "या पावणं" म्हणत होते. लता करवली म्हणून मिरवत होती आणि आचाऱ्याला जिलेबीवरून दम देत होती. मंगलाष्टकांना पाच मिनिटं असताना सुरेखाच्या आईनं मला हाक मारली, मुंडावळ्यांची गाठ सुटली होती आणि दोरा सापडत नव्हता. मी दोरा घेऊन नवरीच्या खोलीत गेले. आई दोरा ओवत होती, मी गाठ धरली होती. आरशात सुरेखा दिसत होती, हळदीनं पिवळी, डोळे कोरडे.

"कळलं का गं?" मी हळूच विचारलं.

तिनं आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "न्हाय अजून," ती म्हणाली. "पर त्यांना पण न्हाय कळलेलं. दोघं मिळून बघतो."

आईला काहीच उमगलं नाही. ती म्हणाली, काय बघताय, मुहूर्त चुकंल. बाहेर भटजींनी आवाज दिला. मी गाठ घट्ट केली आणि दार उघडलं.